चोवीस आऱ्यांचं चाक

शंकरभाऊंनी चाक दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. शहाणा माणूस. बिघडलेलं चाक चांगुणाच्या हातात देऊन जवळ उभं राहायचं नसतं, हे उल्हासनगर कॅम्प एकमधल्या निम्म्या सायकलवाल्यांना अनुभवाने कळलेलं आहे.

चांगुणाने चष्मा नाकावर सारला. चाक उचललं, दोन बोटांत धरून फिरवलं. ते नाचत नाचत फिरलं. मग तिने एक आरा नखाने वाजवला, दुसरा वाजवला, तिसरा वाजवायच्या भानगडीत ती पडलीच नाही.

"हे कुणी बांधलं?"

"आकाशने," शंकरभाऊ म्हणाले. आकाश म्हणजे त्यांचाच मुलगा. शंकरभाऊ भीमजयंती उत्सव समितीचे अध्यक्ष, आणि समितीचे बॅनर, लाइट, डेकोरेशन सगळं आकाशच बघतो. "मोबाईलवर बघून बघून केलं. मेहनत केली हां पोराने."

"मेहनत दिसतेय. चाक कुठे दिसत नाय."

"ताई, मी भांडायला आलो नाय. सांगायला आलो. मनालीचं एकचाकीचं आपण कॅन्सल केलंय. यंदा मिरवणुकीत पुढे टेम्पो राहील, त्याच्यावर मोठं लाइटचं चक्र. पोरीला लागलं, अजून लागलं असतं. उद्या तिला काय झालं तर समितीच्या अंगावर येईल. आणि खरं सांगू का, पोरीच्या जातीचं ते काम नाय."

झालं! चांगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती ओरडली नाही. ती फार चिडली की आवाज खाली जातो, आणि तो खाली गेला की समोरच्याने सावध व्हावं.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरगी पडली नाय. चाक बसलं. चाक बसल्यावर वरचा माणूस खाली येणारच, मग तो पोरगी असो नायतर पैलवान."

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मनाली ही चांगुणाच्या धाकट्या भावाची मुलगी. वय एकोणीस. सकाळी कॉलेज, दुपारी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी. दोन वर्षांपूर्वी बदलापूरच्या एका टॉवरमधलं गिऱ्हाईक एकचाकी सायकल घेऊन दुकानात आलं. त्यांच्या मुलाने हौसेने मागवली, दोनदा आपटला, आणि तेव्हापासून ती गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी पडून होती. "मावशी, सुटे भाग काढून घ्या," म्हणाले. चांगुणा पाना घेऊन बसलीही, तेवढ्यात मनाली आली आणि म्हणाली, "आत्या, थांब."

चार महिने पोरगी मैदानाच्या भिंतीला धरून धरून शिकली. गुडघे फुटले, कोपरं सोलली, आई रोज शिव्या घालायची. पण एक दिवस भिंत सुटली. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती लेझीमच्या मागून एकचाकीवरून अशी काही निघाली, की लोकांनी लेझीम सोडून हिलाच बघितलं. म्हणून यंदा समितीने ठरवलं, मनाली सगळ्यात पुढे. आणि तिचं चाक म्हणजे अशोकचक्र. पांढऱ्यावर निळं, चोवीस सरळ आरे.

इथे आकाशरावांनी कारभार हातात घेतला. साध्या चाकाला आरे असतात छत्तीस, तेसुद्धा एकमेकांवरून तिरपे, फुली मारून गेलेले. चक्राचे आरे पाहिजेत सरळ, मधून निघून थेट कडेला टेकणारे. तर त्याने काय केलं? बारा आरे काढून टाकले, उरलेले चोवीस कापून सरळ लावले, निळा रंग मारला. दिसायला छान. मनाली बसून निघाली आणि आरे गायब! नुसतं निळं गरगर. कुठलंही चाक पळायला लागलं की आरे दिसत नसतात, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शंकरभाऊ मागून धावतायत, "अरे, चक्र कुठे गेलं? चक्र कुठे गेलं?"

मग ठरलं, की पुतळ्यासमोर मनालीने थांबायचं. बाबासाहेबांना हार पडेपर्यंत जागच्या जागी उभं राहायचं, म्हणजे चक्र सगळ्यांना दिसेल, फोटोत येईल. बोलायला सोपं. एकचाकीवर उभं राहणं म्हणजे उभं राहणं नसतंच. अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, पुढे, मागे, एक पाय सतत खाली जोर लावतोय, आणि तो सगळा जोर थेट चाकाच्या मधल्या हबवर. दुचाकी सायकलला मध्ये साखळी असते. इथे पायडल हबलाच जोडलेलं. सरळ आरे वजन पेलतात, पण असा पीळ त्यांना सोसत नाही. सरावाला साठ माणसांसमोर मनाली थांबली, पंधरा-वीस वेळा झुलली, आणि आरे टण् टण् करत सुटले. चाकाचा पापड झाला. मनाली मनगटावर आदळली. तो व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर फिरला, खाली हसणारे चेहरे टाकून.

"रविवारी परत सराव हाय ना?" चांगुणाने विचारलं.

"हाय. पण टेम्पोवाल्याला मी..."

"टेम्पोवाल्याला रविवारपर्यंत थांबवा. चाक मी बांधते. चोवीस सरळ आरे, निळे, तुम्हाला पाहिजेत तसेच. आणि त्याच्यावर पोरगी हार पडेपर्यंत उभी राहील."

"आणि नाय राहिली तर?"

"तर माझ्या दुकानाची पाटी आकाशच्या हाताने उतरवा. मी शिडी धरीन."

शंकरभाऊंनी मान वर करून पाटीकडे एकदा पाहिलं. मग "रविवार" एवढंच म्हणून ते गेले.

ते गेल्यावर चांगुणा स्टुलावर बसली आणि स्वतःलाच म्हणाली, बोलून तर बसलीस बाई. पण घाबरली मात्र नाही. चाकाच्या बाबतीत घाबरणं तिला माहीतच नव्हतं. तीस वर्षं ती चाकं बांधत होती. पहिली वीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे नवरा बसायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, आणि लोक म्हणायचे, काय हात आहे हो तुमचा. तोही हसून मान डोलवायचा. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकान बंद. चांगुणा मागची खोली सोडून पुढे येऊन बसली आणि चाकं आधी बांधत होती तशीच बांधत राहिली. लोकांच्या लक्षात यायला वर्ष गेलं. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि माफही केलं नाही.

दुकान बंद करून ती भावाच्या घरी गेली. मनाली मनगटाला क्रेप बँडेज बांधून टीव्हीसमोर बसली होती. टीव्ही बंद होता.

"नवीन चाक बांधतेय," चांगुणा म्हणाली.

"कशाला? बसणारं कोणी नाय."

"का गं?"

"आत्या, तो आवाज डोक्यातून जातच नाय. टण् झालं आणि मग मी खालीच होते." मनालीने मान वर केली नाही. "मी घाई केली. पाय जास्त दाबला. मला जमलं नाय."

"तू पडली नायस. चाक खोटं होतं."

"तू तर असंच बोलणार. माझी आत्या आहेस ना."

चांगुणाला इतकं लागलं की ती चहासुद्धा न घेता उठली. शंकरभाऊ काय म्हणतात त्याला ती कवडीची किंमत देत नव्हती. पण पोरीनेच मान्य केलं होतं की आपण पडलो. चार महिने भिंतीला धरून जे कमावलं ते तिने एका घाणेरड्या चाकापायी सोडून दिलं होतं. ते चाक आता बांधायलाच हवं होतं. पाटीचं काय, पाटी दुसरीही रंगवता येते.

रात्री झोपताना तिच्या मनात चाक तयार झालं. एका बाजूला सरळ आरे, दुसऱ्या बाजूला फुलीचे. हबला दोन्ही अंगांना चकती असते, आरे तिथूनच निघतात. डाव्या चकतीतून चोवीस सरळ, दाखवायला. उजव्या चकतीतून चोवीस तिरपे, पीळ सोसायला. लोक उभे राहणार डावीकडे, पुतळ्याच्या बाजूला. बस्स. फक्त अठ्ठेचाळीस भोकांचा हब आणि अठ्ठेचाळीस भोकांची रिम बाजारात मागून मिळाली नसती.

म्हणून मंगळवारी ती बदलापूर गावात चिंतामणीसाहेबांकडे गेली. साहेब एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. घरामागच्या पडवीत त्यांनी लोखंड कातायची छोटी लेथ टाकली होती, आणि सून कितीही बडबडली तरी ती हलवायला तयार नव्हते. त्यांच्या सायकलचं चाक गेली अठरा वर्षं चांगुणाच सरळ करत आली होती.

"या, चांगुणाबाई. काय बिघडलं?"

"काय नाय बिघडलं. तुमच्याकडून एक हब कातून घ्यायचाय. शुक्रवारपर्यंत."

"अहो, मी काय भजी तळतो? शुक्रवारपर्यंत म्हणे! आधी ड्रॉइंग. कागदावर काढल्याशिवाय मी लोखंडाला हात लावत नाही."

"मग काढा. मी बसते."

साहेबांनी कागद पसरला. चांगुणा सांगत गेली, ते काढत गेले. मध्येच थांबले, पेन्सिल कानावर ठेवली, म्हणाले, "हं. डावं दाखवायला, उजवं ओढायला. हब एकसंध असला तर पीळ पलीकडे जाईल. चकत्या मात्र जाड लागतील. सरळ आरे चकतीलाच बाहेर ओढतात, पातळ असली तर भोकातून फाडून टाकतील."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. नायतर बाजारात कमी लेथवाले हायेत?"

"उगाच चढवू नका." पण साहेब खूश झाले होते. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "एक गोची आहे. समोरून बघणाऱ्याला सरळ आऱ्यांच्या मागे तुमच्या फुल्या दिसणार. चक्र कसलं, कोंबड्यांचा पिंजरा दिसेल."

ह्याचा विचार चांगुणाने केला नव्हता. साहेबांच्या सूनबाई चहा ठेवून गेल्या. चांगुणा कपाकडे बघत राहिली, मग सूनबाईंच्या पाठीवरच्या ब्लाऊजकडे, आणि एकदम म्हणाली, "अस्तर!"

"काय?"

"दोन्ही बाजूच्या आऱ्यांच्या मध्ये जागा असते ना? त्याच्यात पांढरं अस्तर ताणून बसवायचं. पुढे निळे आरे, मागे पांढरं कापड, फुल्या कापडामागे. चक्राला पांढरा रंग पायजेच होता."

चिंतामणीसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ड्रॉइंगमध्ये एक रेघ ओढली. "वारा धरेल," ते म्हणाले.

"मिरवणूक चालत जाते साहेब, शर्यतीला नाय."

परतताना तिने कॅम्पातल्या सिंधी शेठकडून दीड मीटर पांढरं अस्तर घेतलं. शेठ कापड फाडता फाडता म्हणाला, "मासी, ब्लाऊजचं का? मापाचा ब्लाऊज आणलाय?" चांगुणा म्हणाली, "चाकाचं आहे." शेठने दोनदा विचारलं, आणि मग बायकांच्या नादी कशाला लागा म्हणून कापड कागदात गुंडाळून दिलं.

शुक्रवारी दुपारी हब आला. चिंतामणीसाहेब स्वतः घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून, नव्या भांड्यासारखा चकचकीत. कोरी रिम चांगुणाने ओळखीच्या घाऊकवाल्याकडून मिळवली होती, तिलाही साहेबांनी मोजून अठ्ठेचाळीस भोकं पाडून दिली होती. एक भोक इकडचं तिकडे नाही. चांगुणाने अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही खरंच भजी तळायला पाहिजे होती, चांगला धंदा झाला असता." साहेब हसत हसत गेले.

संध्याकाळी ती आरे भरायला बसली. उजवी बाजू आधी. एक वरून, एक खालून, एकमेकांवर फुली. मनाली आली तेव्हा निम्मी बाजू झाली होती. आईने डबा पाठवला होता, एवढंच निमित्त. डबा ठेवून ती दारात रेंगाळली. चांगुणाने तिच्याकडे न बघता तेलाची वाटी आणि निळ्या आऱ्यांची जुडी पुढे सरकवली. "आट्यांना तेल लाव. एका हाताने जमेल."

मनाली बसली. तेल लावत राहिली. अस्तर कापताना दुसरा हातही वापरायला लागली. कापड ताणून रिमला चिकटवायचं काम तर तिनेच केलं, चांगुणाच्या जाड बोटांनी त्याला सुरकुत्या पडत होत्या. मग त्याच्यापुढे चोवीस निळे आरे बसले, एकेक. चांगुणा चावीने पाव फेरा पिळायची, नखाने वाजवायची, परत पाव फेरा. शेवटी रिमजवळ लाकडी ठोकळा धरून चाक फिरवलं, तर रिम त्याला कुठे घासेना की कुठे सुटेना. अगदी समान.

"चांगलं झालंय," मनाली म्हणाली. "पण मी बसणार नाय, आत्या."

"बसू नको. ये इकडे."

चांगुणाने आकाशचं जुनं चाक ठोकून ठोकून कसंबसं गोल केलं होतं. ते तिने एकचाकीच्या सांगाड्यात बसवलं, स्टुलावर बसली आणि टायर दोन्ही गुडघ्यांत घट्ट दाबून धरला. "मागचा खांब धर. आता एका पायाने पायडलवर उभी राहा. हळू."

मनालीने पाय ठेवला. पायडल खाली गेलं. रिम चांगुणाच्या गुडघ्यांत जागच्या जागी, आणि मधला हब मात्र दोन बोटं फिरला. मनालीने पाय काढला, परत ठेवला. परत तेच.

"आता हे." चांगुणाने नवीन चाक लावलं, गुडघे आवळले. मनालीने पाय ठेवला. काही हललं नाही. तिने पूर्ण वजन टाकलं. चांगुणाच्या गुडघ्यांना कळ आली, पण हब आणि रिम एक. मनालीने परत जुनं चाक लावायला लावलं. परत नवीन. चार वेळा. मग ती खाली जमिनीवर बसली, जुन्या चाकाच्या हबला तिने हात लावला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"म्हणजे मी नव्हते पडले," ती म्हणाली.

"कधीपासून कंठशोष करतेय मी!"

"सगळे हसले गं आत्या. मी पण मानलं." आणि मग ती अशी चिडली, अशी चिडली, की आकाशच्या नावाने तिने जे शब्द काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. चांगुणाने ते सगळे आनंदाने ऐकून घेतले. ती चिडलेली पोरगी तिला फार बरी वाटली.

शनिवारी गल्लीत, रविवारी सरावाला. शंकरभाऊंनी चाकाभोवती फिरून बोटाने आरे मोजले, दोनदा. मागून फुल्या बघितल्या, पुढून अस्तर बघितलं, आणि म्हणाले, "हे ब्लाऊजचं कापड काय?" मनाली चढली, दहा पावलं गेली, थांबली. पुढे, मागे, पुढे, मागे. पांढऱ्यावर निळं चक्र थोडंसं डोलत होतं आणि आरे एकेक दिसत होते. आकाशने घड्याळ लावलं. दीड मिनिट. कुणी हसलं नाही. आकाश नंतर चांगुणाजवळ आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला पण शिकव ना बांधायला." त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं. एवढ्या लवकर कशाला माफ करायचं?

टेम्पोवाल्याला मागे ढकललं. चौदा एप्रिलला दुपारी साडेचारला मिरवणूक निघाली. ऊन असं, की डांबर चपलांना चिकटत होतं. निळे झेंडे, निळे फेटे, पांढऱ्या साड्या, आणि सगळ्यांच्या पुढे पांढरा कुर्ता घातलेली मनाली, हात पसरून, मान ताठ. चांगुणा तिच्या डाव्या अंगाने चालत होती. तिनेही नवी पांढरी साडी नेसली होती, आणि कमरेला आरे पिळायची चावी खोचली होती. सवय, दुसरं काय.

चौकात पुतळ्यासमोर डीजे बंद केला. गर्दीने रिंगण सोडलं, चार हात रुंद, जास्त नाही. मनाली आत आली आणि थांबली. मोबाईल वर झाले. दीड मिनिटाचं काम.

पण हार घालायचा होता पाहुण्यांनी, आणि पाहुणे आले नव्हते. गर्दीत गाडी अडकली म्हणे. शंकरभाऊ माइकवरून म्हणाले, "दोनच मिनिटं, पाहुणे पोहोचतायत." आता समितीची दोन मिनिटं ज्याने अनुभवली आहेत त्याला वेगळं सांगायला नको. दोनाची तीन झाली, चार झाली. मनालीच्या कुर्त्याची पाठ भिजली. खाली दाबलेला पाय थरथरायला लागला. पाय बदलायचा तर थोडं पुढे सरकावं लागतं, आणि रिंगणात तेवढी जागा नव्हती. उतरली असती तरी कोण काय म्हणणार होतं? पण सरावाचा व्हिडिओ बघून हसलेले सगळे इथेच उभे होते, मोबाईल धरून, आणि ते तिला माहीत होतं. पुढे, मागे. पुढे, मागे.

आणि टण्.

डीजे बंद नसता तर कुणाला ऐकूच गेलं नसतं. तसंही दोघींनाच ऐकू गेलं. डावीकडचा, सरळांतला एक. तिने चाकावर नजर टाकली. अस्तरावर एक निळी रेघ तिरकी लोंबत होती. रिम जराशी डुलली, पण जागेवर होती. मागचे चोवीस धरून होते. तीस वर्षांच्या हाताने तिला सांगितलं, धरून राहतील.

पण हे मनालीला कुठे माहीत? तिचा चेहरा पांढराफटक पडला. पाय अडखळला, हात जोरात हलले, रिंगणातून "ए ए ए" असा आवाज उठला. तिने कशीबशी लय पकडली, आणि तिचे डोळे गर्दीत आत्याला शोधायला लागले. सापडले.

काही नाही झालं असं हाताने दाखवावं, असं चांगुणाच्या मनात आलं. हात अर्धा वर गेलाही. पण तो आवाज पोरीला चांगलाच ओळखीचा होता. आत्या आहे म्हणून बोलतेय, असंच तिला परत वाटलं असतं, आणि ह्या वेळी ते खरं असतं. चांगुणाने हात पूर्ण वर केला आणि एक बोट दाखवलं. एक. एक तुटलाय. मग दोन्ही हातांच्या मुठी छातीशी आवळून धरल्या. बाकीचे घट्ट.

मनाली बघत राहिली. एकदा झुलली, दोनदा झुलली. उतरायचं तर आत्ताच उतरायला हवं होतं, आणि चांगुणाच्या मनात आलं, उतरली तरी चालेल गं पोरी, मी काही म्हणणार नाही. मनालीने लांब श्वास घेतला. मग तोल सांभाळायला पसरलेले दोन्ही हात तिने हळूहळू जवळ आणले आणि पुतळ्याकडे बघून जोडले. हातांचा आधार सोडून, तुटलेल्या आऱ्याच्या चाकावर, पुढे, मागे, पुढे, मागे. आधी एक बाई ओरडली, मग अख्खा चौक ओरडला. जय भीमच्या घोषात पाहुणे कधी आले, शिडी कधी चढले आणि हार कधी पडला, हे चांगुणाने पाहिलंच नाही. तिला मोतीबिंदू झाल्यासारखं सगळं धूसर दिसत होतं.

हार पडल्यावर मनाली आपली आपण उतरली. हसत होती. चार बायकांनी तिला उचलूनच घेतलं.

शंकरभाऊ घाम पुसत चांगुणाजवळ आले. "ताई, रडता काय? एक नंबर झालं. सहा मिनिटं, आकाशने मोजली."

"आरा तुटला, भाऊ."

"कधी?" शंकरभाऊ चाकाकडे वळले. खाली वाकून त्यांनी ती लोंबती रेघ पाहिली, बोटाने हलवून पाहिली. "आता उतरताना?"

"चौथ्या-पाचव्या मिनिटाला. पाहुण्यांच्या आधी."

"मग तुम्ही तिला सांगितलं नाय?"

"सांगितलं."

शंकरभाऊ वाकलेलेच राहिले. बायकांच्या गराड्यात मनाली कुणाच्या तरी बाटलीने पाणी पीत होती, अर्धं तोंडात, अर्धं कुर्त्यावर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग परत त्या आऱ्याकडे.

"आणि उतरली नाय?"

"नाय उतरली," चांगुणा म्हणाली.